त्रैक्य, व्यक्ती आणि 'दोन स्वभाव'

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती लेखनातला 'त्रैक्य' (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, पण देव एकच) हा शब्द म्हणजे त्रिमूर्तीच का? आणि 'ख्रिस्ताचे दोन स्वभाव' हे मराठी म्हणून कानाला खटकते, ते भाषांतर चुकले आहे का?

पहिल्याचे उत्तर सरळ 'नाही'. त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामांची वाटणी आहे आणि 'मूर्ती' म्हटले की रूप आलेच. एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा अशी रूपे घेतो, हे मत तिसऱ्या शतकातल्या सॅबेलियसच्या नावावर जमा आहे आणि चर्चने ते पाखंड ठरवले. 'त्रिमूर्ती' लिहिणारा नकळत त्याच्याच पंगतीला जाऊन बसतो. 'त्रैक्य'मध्ये रूप नाही. तीन आहेत आणि ऐक्य आहे. (संधिनियमाने त्रि + ऐक्य = त्र्यैक्य व्हायला हवे आणि काहीजण तसे लिहितातही. पण जिभेला तो 'य' झेपत नाही. मी स्वतः 'त्रैक्य'च लिहितो.)

खरी गंमत त्या तिघांना काय म्हणायचे यात आहे. मराठीत 'तीन व्यक्ती' रूढ आहे. आज व्यक्ती म्हणजे इसम, म्हणून ऐकणाऱ्याला तीन देव दिसतात. उलट व्युत्पत्ती पाहावी तर व्यक्ती म्हणजे व्यक्त होणे, प्रकट होणे. म्हणजे पुन्हा सॅबेलियस! पण हा दोष एकट्या मराठीचा नाही. लॅटिन 'पर्सोना' म्हणजे नटाचा मुखवटा, ग्रीक 'प्रोसोपोन' म्हणजे चेहरा. हे नको म्हणून ग्रीकांनी 'हिपोस्तासिस' घेतला, तर त्याची घडण 'खाली उभे असलेले' अशी आणि लॅटिन 'सुब्स्तान्तिया'चीही नेमकी तीच. ग्रीक माणूस 'तीन हिपोस्तासिस' म्हणाला की लॅटिन कानाला तीन वेगळी तत्त्वे ऐकू येत. इ.स. 362 मध्ये अलेक्झांड्रियाच्या सभेत तिथला बिशप अथनेशियस याने 'तीन हिपोस्तासिस' म्हणणाऱ्यांना आणि 'एकच हिपोस्तासिस' म्हणणाऱ्यांना विचारले, तुमच्या शब्दाचा अर्थ काय? 'तीन' म्हणणारे आणि 'एक' म्हणणारे एकच गोष्ट सांगत होते! धर्मसभेत अशी शब्दचर्चा झालेली मला फार आवडते.

या वादाबद्दल एक किस्सा नेहमी सांगतात, की निकेयाच्या धर्मपरिषदेत सगळे एका 'इ'वरून भांडले. जणू ग्रीकांचे 'ध चा मा' प्रकरण. ते तितकेसे बरोबर नाही. 325 मध्ये निकेयात प्रश्न होता तो आरियस या धर्मगुरूच्या मताचा: पुत्र हा निर्माण केलेला आहे, एकेकाळी तो नव्हताच. परिषदेने उत्तर दिले 'होमोऊसिओस', म्हणजे पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. 'होमोइऊसिओस', म्हणजे सदृश तत्त्वाचा, म्हणणारा पक्ष उभा राहिला तो पुढे, 350 नंतर. आणि फरक एका अक्षराचा असला तरी अर्थ फार दूरचा: 'तोच' आणि 'त्याच्यासारखा' यांत मराठीतही कुणी गल्लत करणार नाही. ग्रीक 'होमो' आणि आपला 'सम' एकाच मुळाचे, 'ऊसिया' (तत्त्व) आणि 'सत्' हेही तसेच. मग 'समसत्त्व' का नाही? कारण मराठीत 'सम' बरोबरीकडे झुकतो आणि दोन बरोबरीच्या वस्तू म्हणजे एक वस्तू नव्हे. 'एकतत्त्व' हाच शब्द बरा.

आता 'दोन स्वभाव'. खटकते हे खरे. स्वभाव म्हटले की तापट, भिडस्त, चिकट. वर 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण तयार. पण शब्द मुळात अचूक आहे. ख्रिस्त ही व्यक्ती एक, पण तिचे स्वभाव दोन, दैवी आणि मानवी, असे कॅल्सिडॉनच्या धर्मपरिषदेने 451 मध्ये ठरवले, तेव्हा वापरलेला ग्रीक शब्द 'फिसिस'. तो ज्या धातूपासून आला, तो आणि 'भाव'मधला 'भू' सख्खे भाऊ. 'वाहणे हा पाण्याचा स्वभाव' म्हणतो तेव्हा आपणही याच अर्थाने बोलतो. 'प्रकृती' हा पर्याय सुचवणाऱ्यांना एवढेच विचारीन, की 'ख्रिस्ताच्या दोन प्रकृती' वाचून तब्येतीची चौकशी करावीशी वाटत नाही का?

कॅल्सिडॉनने या दोन स्वभावांचा संबंध चार नकारांनी बांधला. ग्रीकमध्ये चारही शब्द 'अ'ने सुरू होतात आणि तो 'अ' आपल्या नञ्-समासातलाच. त्यामुळे मराठीत ते विनासायास उतरतात: असंकर, अविकार, अविभक्त, अवियुक्त. कॉप्टिक (इजिप्तचे), आर्मेनियन, सिरियाक चर्चना 'दोन' हा आकडाच मान्य झाला नाही. 'शब्द' (म्हणजे देवाचा पुत्र) अवतार घेतो तेव्हा देव-मानव मिळून एकच स्वभाव असतो, असे ते म्हणत राहिले. 1973 मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनुदा यांनी मिळून जे निवेदन काढले, त्यात ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव हे दोघांनीही कबूल केले.

तेव्हा लिहिताना विशेषण सोडू नका. 'दैवी स्वभाव आणि मानवी स्वभाव' लिहिले की तापटपणाचा वास आपोआप जातो. नुसते 'दोन स्वभावांचा ख्रिस्त' मात्र कधीच नको. तो सकाळी एक, संध्याकाळी एक असा वाटतो.