वाचकांचे प्रश्न : ‘सिथ लॉर्ड्स’मधले गाळलेले प्रसंग

मागील अंकात जुन्या रोल-प्लेइंग गेमविषयी लेख आल्यानंतर ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ – द सिथ लॉर्ड्स’ आणि त्याच्या चाहत्यांनी तयार केलेला ‘रिस्टोअर्ड कन्टेन्ट’ मॉड (मूळ गेमवर बसवायची जोड) यांच्याविषयी ठाणे व नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांतील तीन येथे घेतली आहेत. ज्यांनी हा गेम अजून पूर्ण केलेला नाही, त्यांनी पहिले उत्तर जपून वाचावे. त्यात शेवटच्या प्रसंगांचा उल्लेख आहे.

प्रश्न : इंजिनिअरिंगला असताना मी हा गेम मित्राच्या कॉम्प्युटरवर पूर्ण केला होता. कथा अप्रतिम वाटली, पण शेवटाला पानेच फाडून टाकल्यासारखे झाले होते. आता नोकरी आणि घर सांभाळून रात्री तासभर मोकळा मिळतो. मॉड टाकून गेम पुन्हा खेळण्याइतके त्यात काही आहे का, की हौशी मंडळींनी आपल्या मनाने रचलेले प्रसंग त्यात घुसडले आहेत? जुनी सेव्ह फाइल मी जपून ठेवली आहे. ती चालेल का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्याला शेवट तुटक वाटला यात आपली चूक नाही, तो तुटकच होता. पहिला भाग २००३ साली बायोवेअरने केला आणि दुसऱ्या भागाचे काम त्याच वर्षी स्थापन झालेल्या ऑब्सिडियन या कंपनीकडे गेले. हा तिचा पहिलाच गेम. डिसेंबर २००४ मध्ये तो एक्सबॉक्सवर आला आणि फेब्रुवारी २००५ मध्ये विंडोजवर. म्हणजे एवढ्या पसाऱ्याच्या कथेला जेमतेम दीड वर्ष मिळाले, आणि नाताळच्या विक्रीचा मुहूर्त गाठण्यासाठी शेवटच्या टप्प्यातले प्रसंगच्या प्रसंग बाजूला ठेवावे लागले. मात्र ते पुसले गेले नाहीत. संवाद, कलाकारांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेली वाक्ये, अर्धवट जोडलेल्या स्क्रिप्ट असे बरेच काही विकत मिळणाऱ्या डिस्कवरच, पण गेममधून कुठूनही पोहोचता येणार नाही अशा अवस्थेत राहिले. चाहत्यांनी फाइली उघडून पाहिल्या तेव्हा हा माल त्यांच्या हाती लागला. पुढची कित्येक वर्षे वेगवेगळ्या गटांनी तो जोडण्याचा प्रयत्न केला. एक प्रकल्प अर्धवट राहिला, दुसरा तडीस गेला, आणि तोच आज आपण म्हणता तो मॉड.

त्यामुळे आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. या मंडळींनी कथा नव्याने लिहिलेली नाही. मूळ लेखकांनी लिहिलेले आणि मूळ कलाकारांनी बोललेले जेवढे सापडले, तेवढे जागच्या जागी बसवायचे आणि जोडीला शेकडो तांत्रिक चुका दुरुस्त करायच्या, एवढीच मर्यादा त्यांनी घालून घेतली. माझ्या मते या मॉडचे खरे मोल त्या मर्यादेत आहे. चाहत्यांच्या कामात सहसा हौस आवरत नाही. येथे ती आवरलेली दिसते.

एक धागा नमुन्यादाखल घेऊ. आपल्याला आठवत असेल की एचके-५० जातीचे यंत्रमानव निरनिराळ्या ग्रहांवर तिघा-तिघांच्या टोळीने वाट अडवतात. दरम्यान आपल्या यानात निकामी होऊन पडलेला यंत्रमानव एचके-४७ आपण सुटे भाग जमवून उभा करतो, आणि आपल्या या भ्रष्ट नकला पाहून तो संतापतो. त्या कुठे बनतात याची चौकशी सुरू होते, आणि मूळ गेममध्ये ती तिथेच विरून जाते. मॉडमध्ये टेलोस ग्रहावरचा तो कारखाना परत आला आहे. एचके-४७ एकटाच आत शिरतो आणि खेळाडूने त्यालाच चालवायचे असते. आत भेटणाऱ्या आपल्याच जातभाईंशी तो ज्या तुच्छतेने आणि शिष्टपणे बोलतो, ते संवाद या गेममधल्या उत्तम विनोदात मोडतात. मात्र ते ऐकण्यासाठी एकसारख्या दिसणाऱ्या खोल्यांतून एकसारख्या लढाया कराव्या लागतात, आणि मला ती मजल लांबलेली वाटते. कापलेले सगळेच काही वेळेअभावी कापलेले नसते. एखाद्या जाणत्या संपादकाने निवांत बसूनही या कारखान्याच्या चार खोल्या गाळल्या असत्या.

याउलट जिथे कथा संपते त्या मॅलाकोर ग्रहावरची दुरुस्ती लहान असूनही मोलाची आहे. आपला सोबती बाओ-डुर याने मागे ठेवलेला तो गोल, उडता रिमोट आपले काम पूर्ण करायला निघतो, गोटो हा सोबतचाच यंत्रमानव त्याची वाट अडवतो, आणि मूळ गेममध्ये दृश्य तिथेच संपते. पुढे काय झाले हे कुणीच सांगत नाही. आपल्याला जी पाने फाटल्यासारखी वाटली, त्यांतले एक हेच असावे. मॉडमध्ये या प्रसंगाला शेवट आहे, आणि कारखान्यात आपण काय केले याचा त्या शेवटाशी संबंध आहे. इतरही सोबत्यांचे अर्धवट राहिलेले हिशेब शेवटच्या टप्प्यात पुरे होतात. ते येथे उघड करत नाही. एवढे मात्र सांगून ठेवतो की मॅलाकोर तरीही घाईतलाच वाटतो. जे कधी तयारच झाले नव्हते, ते मॉडला परत आणता येत नाही.

पुन्हा खेळावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘जरूर’ असे आहे. पण त्याचे मुख्य कारण मॉड नव्हे. विशीत हा गेम खेळताना आपले लक्ष लाइटसेबरवर, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीवर असते. चाळिशीकडे झुकताना ते क्राया या आपल्या वृद्ध गुरूकडे जाते. नार शाडा या चंद्रावरच्या निर्वासित वस्तीत एक भिकारी पैसे मागतो. ते दिले तर क्राया आपल्याला पुढचे दाखवते : त्याच पैशांपायी दुसरा एक गांजलेला त्याच्यावर हात टाकतो. नाकारले तर तोच भिकारी चिडून आणखी कुणावर तरी तुटून पडतो. दोन्ही वेळा म्हातारी आपल्यालाच बोल लावते. हा प्रसंग पहिल्यापासून गेममध्ये आहे, तो मॉडने आणलेला नाही. फरक पडतो तो असा की, अशा सगळ्या संभाषणांतून क्राया ज्या शेवटाकडे आपल्याला नेत असते, तिथे पोहोचल्यावर आता पायाखालची जमीन मूळच्याइतकी खचत नाही.

आता व्यवहाराचे. जुनी सेव्ह फाइल उपयोगाची नाही. ज्या ठिकाणी आपण एकदा जाऊन आलो, तिथली स्थिती हा गेम सेव्ह फाइलमध्येच साठवतो आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचतो; त्यामुळे मॉडने केलेले बदल त्या ठिकाणी दिसत नाहीत, आणि निम्मे जुने निम्मे नवे अशा अवस्थेत एखादा प्रसंग मध्येच अडकू शकतो. पेरागसच्या खाणीपासून, म्हणजे अगदी पहिल्यापासून, सुरुवात करावी लागेल. पेरागस कंटाळवाणे आहे हे मान्य. पण तिथले यंत्रमानवाशी होणारे संभाषण घाईत उरकू नये. रोज तासभर दिलात तर महिना-सव्वा महिन्यात गेम पूर्ण होईल. ‘एम४-७८’ नावाचा ग्रह परत आणणारा एक वेगळा मॉडही आपल्या नजरेस पडेल. तो या खेपेला टाकू नये. तिथे यंत्रमानवांच्या वस्तीत बरीच पायपीट आहे, आणि ज्यांच्याकडे रात्रीचा एकच तास आहे, त्यांनी तो तास कथेच्या मुख्य धाग्यालाच द्यावा.

प्रश्न : मी स्टीमच्या वर्कशॉपमधून हा मॉड घेतला आणि नंतर चेहरे, कपडे व लाइटसेबरचे रंग बदलणारे बरेच मॉड ‘ओव्हरराइड’ फोल्डरमध्ये टाकले. आता काही संवादांच्या जागी भलतीच वाक्ये दिसतात, काही ओळी कोऱ्या येतात आणि लढाई संपल्यावर माझे पात्र कधीकधी जागचे हलतच नाही. सगळे काढून टाकावे की काही उपाय आहे?
— एक विद्यार्थी वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : आपल्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

भलत्या वाक्यांचे कारण असे. या गेममधले संवाद जिथे वापरले जातात तिथे वाक्य लिहिलेले नसते, फक्त त्याचा क्रमांक असतो. सगळी वाक्ये ‘डायलॉग डॉट टीएलके’ या एकाच फाइलमध्ये क्रमवार ठेवलेली असतात. नवे संवाद आणणारा प्रत्येक मॉड या फाइलच्या शेवटी आपली वाक्ये जोडतो आणि त्यांचे क्रमांक लक्षात ठेवतो. वर्कशॉपमधून, म्हणजे गेम विकणाऱ्या स्टीम या सेवेवरच्या मॉडच्या दालनातून, घेतलेला मॉड गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये उतरत नाही. तो आपली वाक्यांची फाइल घेऊन स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतो. आपण नंतर टाकलेल्या मॉडच्या इन्स्टॉलरने मात्र मुख्य फोल्डरमधल्या फाइलमध्ये भर घातली. गेम वाक्ये वाचतो एका फाइलमधून आणि क्रमांक दुसरीचे धरतो, मग व्यापाऱ्याच्या तोंडी सिथ या खलगटातल्या पात्राचा संवाद येणार यात नवल नाही. नुसते रंग आणि कपडे बदलणारे मॉड यात निर्दोष असतात. गोंधळ घालतो तो संवादांना हात लावणारा मॉड.

येथे डागडुजी करत बसू नये. वर्कशॉपचे सबस्क्रिप्शन काढावे आणि गेम अनइन्स्टॉल करावा. स्टीम फक्त स्वतःच्या फाइली काढते, आपण टाकलेल्या तशाच राहतात; म्हणून उरलेला फोल्डर स्वतःच्या हाताने पुसावा. पुन्हा इन्स्टॉल करताना ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर, शक्य तर दुसऱ्या ड्राइव्हवर जागा निवडावी, कारण त्या फोल्डरमध्ये लिहिण्यावर विंडोज बंधने घालते आणि जुन्या इन्स्टॉलरना ती जाचतात. गेम एकदा सुरू करून बंद करावा. त्यानंतर सर्वांत आधी ‘रिस्टोअर्ड कन्टेन्ट’ मॉड त्याच्या स्वतंत्र इन्स्टॉलरने बसवावा आणि त्या अवस्थेतल्या संपूर्ण फोल्डरची एक प्रत काढून ठेवावी. इतर मॉड एकेक करून आणि प्रत्येकाची ‘रीडमी’ फाइल वाचून मगच टाकावेत. ओव्हरराइड फोल्डरमधली फाइल गेम इतर सर्वांच्या आधी वाचतो. त्यामुळे एकाच नावाची फाइल दोन मॉडमध्ये असेल तर शेवटी टाकलेली टिकते आणि आधीची मुकाट्याने नाहीशी होते. विंडोज ‘रिप्लेस करू का?’ असे विचारते तेव्हा आपण बहुतेक सगळे न वाचताच ‘होय’ दाबतो. नेमके तिथे थांबावे.

पात्र न हलण्याचा दोष मॉडचा नाही. आपल्या कॉम्प्युटरचा पडदा बहुधा १२० किंवा १४४ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा, असावा. हा गेम ज्या काळात घडला त्या काळी असे पडदे घरोघरी नव्हते, आणि सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे पडू लागली की लढाईनंतर पात्र अडकण्याचा दोष डोके वर काढतो. पडदा ६० हर्ट्‌झवर आणून गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये व्ही-सिंक (चित्रांचा वेग पडद्याशी जुळवणारी सोय) चालू करावे. तरीही अडकले तर तिथेच सेव्ह करून तीच सेव्ह फाइल पुन्हा उघडावी. पात्र बहुधा चालू लागते.

प्रश्न : माझ्या मुलीची बारावी झाली असून ती सुट्टीत हा गेम मॉडसह खेळणार आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गेम आणि मॉड भरलेली हार्ड डिस्क पैसे घेऊन देतात. ती घ्यावी का? शिवाय तिला या गेमचे संवाद मराठीत आणायचे आहेत. हे घरबसल्या होण्यासारखे आहे का?
— एक आई, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : हार्ड डिस्क घेऊ नये. मॉड पूर्णपणे मोफत आहे आणि त्यात गेम नसतो. तो चालवण्यासाठी गेमची स्वतःची प्रत लागते. म्हणजे ते गृहस्थ एक फुकट वस्तू आणि एक परस्पर नक्कल केलेली वस्तू एकत्र विकत आहेत, आणि वर त्यात कोणत्या आवृत्ती आहेत हे कळायला मार्ग नाही. गेम स्टीमवर अधिकृतपणे मिळतो आणि सेलमध्ये बराच स्वस्त होतो. २०१५ साली त्याच्या विंडोज आवृत्तीला अपडेट आले तेव्हा वर्कशॉपची सोय झाली आणि हा मॉड तिथेही उपलब्ध झाला. निन्टेन्डो स्विचवर मात्र तो येईल असे जाहीर होऊनही २०२३ मध्ये तो बेत रद्द झाला, त्यामुळे घरात स्विच असल्यास तिच्यावर विसंबू नये. वयाची काळजी नसावी. अमेरिकेत या गेमला ‘टीन’ असे मानांकन आहे.

मराठीचे काम मात्र वाटते त्याहून अवघड आहे. वर सांगितलेल्या वाक्यांच्या फाइलमध्ये लाखाहून अधिक नोंदी आहेत. पण खरी अडचण संख्येची नाही. हा गेम एका अक्षराला एक बाइट धरतो आणि प्रत्येक अक्षराचे तयार चित्र ओळीत मांडत जातो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते पण दिसते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरांचा आकार शेजाऱ्यावर ठरतो. अक्षरे जुळवण्याची ही यंत्रणा त्या इंजिनात मुळीच नाही. २५६ जागांमध्ये अक्षरांचे तुकडे बसवून काम भागवता येईल, पण ते भाषांतरापेक्षा प्रोग्रॅमिंगचे काम ठरेल.

आपल्या मुलीने आधी गेम पूर्ण खेळावा. त्यानंतर टीएलके फाइल उघडणाऱ्या मोफत साधनाने नार शाडाच्या भिकाऱ्याचा प्रसंग शोधून तेवढ्याच ओळी रोमन लिपीत मराठी करून पाहाव्यात. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी, नोंदींचे क्रमांक बदलू नयेत, आणि कोनी कंसात (< >) दिलेल्या खुणा जशाच्या तशा राहू द्याव्यात, कारण खेळाडूचे नाव वगैरे गेम त्यांच्या जागी भरतो. पडद्यावर त्या दहा-पंधरा ओळी नीट उमटल्या तर पुढच्या अडचणींसाठी तिने आम्हाला थेट लिहावे.