वहीतला राग आणि काळा रंकाळा

त्या माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आल्या तेव्हा पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीचं, नोकरी नर्सची, घर ख्रिस्ती. चार महिन्यांपूर्वी वडील गेले होते. पर्समध्ये दोनशे पानी वही होती आणि त्या वहीचीच त्यांना भीती वाटत होती.

"मॅडम, प्रभूला मी वाट्टेल ते लिहिलंय. इतक्या पेशंटची सेवा माझ्याकडून करून घेतलीस, मग माझ्या पप्पांच्या वेळी कुठं होतास, असलं. चर्चमध्ये सगळे म्हणतात, धन्यवाद द्या, ते प्रभूजवळ गेले. मी मान हलवते आणि रात्री हे लिहिते. माझा विश्वास संपला का ओ?"

हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेक विश्वासी माणसं विचारतात. मी स्वतः ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे त्यामागची लाजही मला ओळखीची आहे. शोकात असलेल्या माणसाला आपण फार लवकर स्तुती करायला लावतो. मला ते मनापासून खटकतं.

वही मी वाचली नाही. कुणाचीच वाचत नाही. एवढंच विचारलं, "पानाची सुरुवात कोणत्या शब्दानं होते?"

त्यांनी पानं उलटली. "प्रभू." पुढचं पान, "प्रभू." एका पानावर तेवढा एकच शब्द होता, खाली सगळं कोरं.

"गुड फ्रायडेला येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचन ऐकता ना? चौथा कोणता?"

"माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग..." म्हणता म्हणता त्या थांबल्या. रडू आलं, ते मी येऊ दिलं.

तो उद्गार म्हणजे बायबलमधल्या 22 व्या स्तोत्राची सुरुवात. क्रुसावर येशूच्या तोंडी आलेले शब्द आधीपासूनच लोकांच्या प्रार्थनेत होते. स्तोत्रं 150, आणि त्यांतली कितीतरी विलापाची. 13 व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'कुठवर?' हा सवाल चारदा येतो. देवाला जाब विचारणारी ही वचनं शास्त्रातून कुणी काढून टाकली नाहीत. मग या बाईंच्या वहीतली पानं फाडायची कशाला?

लिहिण्याची पद्धत मात्र आम्ही ठरवून घेतली. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना आधी जास्तच उदास वाटलं; पुढच्या महिन्यांत मात्र घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणून बाईंना सांगितलं, पंधरा मिनिटं झाली की वही मिटा, झोपायच्या अगदी आधी लिहू नका आणि वही कुलपात ठेवा. तेच ते आठवडेच्या आठवडे घोळत राहिलं, जेवणझोप तुटली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर मात्र वहीवर भागवू नका. लगेच माझ्याकडे या, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "आता शब्दच येत नाहीत." वडील बोर्ड रंगवायचे. घरात त्यांचे ब्रश आणि रंगांचे डबे तसेच पडून होते. कोल्हापूर चित्रकारांचं गाव. आबालाल रहमान इथलं पाणी आणि ऊन रंगवत राहिले. पण या बाईंनी शाळेनंतर हातात ब्रश धरला नव्हता. "चांगलं काढायचं नाही, नुसतं काढायचं," म्हटलं.

पुढच्या वेळी कागद आणला. पप्पांबरोबर संध्याकाळी फिरायच्या तो रंकाळा तलाव, पण सगळा काळा. पाणी काळं, आभाळ काळं, काठावर एक रिकामा बाक.

"पाळकसाहेबांनी बघितलं तर? वर एखादा क्रूस काढू का?"

"काढावासा वाटतोय?"

बराच वेळ गेला. "नाही."

आम्ही 88 वं स्तोत्र उघडलं. ते अंधारावरच संपतं, शेवटी दिलाशाचं एकही वचन नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि कागद जपून गुंडाळला.

दोनेक महिन्यांनी तोच कागद घेऊन पुन्हा आल्या. रंकाळा होता तसाच काळा होता. फक्त उजव्या कोपऱ्यात, खाली, पिवळ्या रंगात बारीक अक्षरं होती.

"ही पप्पांची सही. बोर्ड पुरा झाला की ते अशीच टाकायचे."