वाचकांचे प्रश्न : एकोणीस वर्षांचा पोरगा, .३१० चं अ‍ॅव्हरेज, आता पुढे काय?

प्रश्न : सर, सिंगल-ए बेसबॉलच्या (म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगखालच्या, शिकाऊ पोरांच्या लीगच्या) मॅचेस मी रेग्युलर बघतो. टीममध्ये एकोणीस वर्षांचा एक सेंटर फील्डर (मागच्या मैदानात मधोमध उभा राहणारा) आलाय, अ‍ॅव्हरेज .३१० आहे (शंभर अ‍ॅट-बॅटमध्ये ३१ हिट, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठलेला), पळतो तर असा की बघत राहावं. होमरन (आपल्या सिक्सरसारखे) मात्र फक्त ४. माझा भाचा म्हणतो हा नक्की मेजर लीगला जाणार, मी म्हणतो एवढ्यात नको बोलूस. कोण बरोबर?

उत्तर : तुम्हीच, निदान आत्ता तरी. सगळ्यात आधी ते .३१० जरा बाजूला ठेवा. वेगवान पोराने जमिनीला घासत मारलेला बॉल या लेव्हलला खूपदा हिट होऊन जातो, कारण समोरचे फील्डरही शिकाऊच, कोणाचा थ्रो वाकडा जातो तर कोणी बॉल उचलायला उशीर करतो, आणि वर गेल्यावर त्याच बॉलवर तो आरामात आउट होतो. अ‍ॅव्हरेजपेक्षा वय बघा. तेवीस वर्षांच्या कॉलेजवाल्याने सिंगल-एमध्ये .३१० मारलं तर मी मान पण वर करणार नाही, एकोणीसच्या पोराने मारलं तर वही काढतो.

मग बघायचं ते स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) आणि वॉक (चार वाईट बॉल सोडून फुकट मिळालेला बेस). शंभर वेळा बॅटिंगला आला तर किती वेळा नुसती बॅट फिरवून परत जातो? वीसच्या आसपास असेल तर ठीक, तीसच्या वर असेल तर मला काळजी वाटते, कारण इथल्या पिचरांकडे फास्टबॉल असतो पण स्लायडर (ऐन वेळी वळणारा बॉल) हवा तिथे टाकता येतोच असं नाही, त्यामुळे बॅटर फास्टबॉलची वाट बघत निवांत उभा राहतो. वरच्या डबल-ए लीगमध्ये ही चैन संपते, तिथले पिचर वाईट बॉल जास्त पडून स्वतः अडचणीत असताना पण स्लायडर टाकतात. म्हणून खरी परीक्षा तिथे. पुढच्या मॅचला एकच करा, स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या, बॉल वैध धरला जातो त्या जागेच्या) बाहेर पडणाऱ्या स्लायडरवर तो बॅट आवरतो का ते बघा, स्कोअरबोर्डकडे बघूच नका. हुआन सोटो २०१८ मध्ये सिंगल-एला होता आणि त्याच वर्षी मेमध्ये, एकोणीसाव्या वर्षी, वॉशिंग्टनकडून मेजर लीगला खेळला. पहिल्याच सीझनला ७९ वॉक! वाईट बॉल सोडायचा म्हणजे काय ते त्याच्याकडे बघून कळतं.

होमरन ४ आहेत म्हणून नाराज होऊ नका, पण बॉल किती जोरात जातो ते विचारा. ताशी १०५ मैलांनी मारतोय पण सगळं जमिनीवर, तर ताकद आहे, बॅटचा कोन बदलता येतो. बॉल हळूच जात असेल तर मग अवघड. आणि लीग कुठली ते तुम्ही लिहिलंच नाहीत! फ्लोरिडा स्टेट लीगचं ग्राउंड असेल तर तिथे होमरन तसेही कमी पडतात, कॅलिफोर्निया लीग असेल तर ४ मला फारच कमी वाटतात.

प्रश्न : हल्ली त्याला अधूनमधून लेफ्ट फील्डला उभं करतात. भरवसा उडाला का?

उत्तर : नाही हो, पोरांना सगळीकडे फिरवतातच. फक्त सेंटर सुटला तर हिशोब बदलतो, कारण सेंटरला चांगलं फील्डिंग करणाऱ्याची साधी बॅटिंग पण चालून जाते, लेफ्टला होमरनच लागतात. बॉल बॅटला लागल्या लागल्या पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघा, नुसता पळण्याचा वेग फसवतो. शरीर जाड व्हायला लागलं तर पंचविशीपर्यंत सेंटर टिकेलच असं नाही. स्काउट लोक (टीमसाठी खेळाडू हेरणारे) हेच सगळं २० ते ८० च्या स्केलवर मांडतात, ५० म्हणजे मेजर लीगचा अ‍ॅव्हरेज प्लेयर. एकोणीसच्या पोराला आजचा एक आकडा आणि पुढे होऊ शकेल तो दुसरा, असे दोन देतात, आणि त्या दोघांमधलं अंतर म्हणजेच तुमचं आणि भाच्याचं भांडण.

आणि हो, भाच्याला अगदीच गप्प बसवू नका. न्यूयॉर्क यांकीजचा अ‍ॅरन जज २०१६ मध्ये मेजर लीगला आला तेव्हा ८४ अ‍ॅट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट, माझ्या वरच्या नियमाने तर मी त्याला कधीच खोडून टाकला असता. पुढच्याच वर्षी ५२ होमरन.