प्राण्यांच्या पेशी विभाजन मधेच थांबवून परत कसं काय सुरू करतात?

बहुतेक वेळा पेशी थांबते ती जी-वन टप्प्यात, म्हणजे डीएनएची कॉपी काढायच्या आधीच. तिथे आरबी नावाचं प्रोटीन ईटूएफला (जीन्स चालू करणाऱ्या प्रोटीनला) धरून ठेवतं आणि ईटूएफ मोकळं झाल्याशिवाय कॉपीसाठी लागणारे जीन्स चालूच होत नाहीत. मग बाहेरून ग्रोथ फॅक्टर (वाढीचा इशारा देणारे रेणू) आले की सायक्लिन डी नावाचं प्रोटीन बनतं, ते सीडीके ४ नाहीतर ६ या एन्झाइमला जाऊन चिकटतं, ही जोडी आरबीवर फॉस्फेट लावते, पकड सुटते आणि काम पुढे सरकतं.

ग्रोथ फॅक्टर मिळालेच नाहीत तर पेशी जी-झिरोमध्ये जाऊन शांत बसते. लिव्हरच्या पेशी एरवी अशाच असतात, पण उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं तर उरलेल्या पेशी परत विभाजनाला लागतात आणि आठ-दहा दिवसांत वजन जवळपास भरून निघतं.

डीएनए तुटला असेल तर ब्रेक वेगळा, पी५३ नावाचं प्रोटीन वाढतं, ते पी२१ हे दुसरं प्रोटीन बनवायला लावतं आणि पी२१ सीडीकेला अडवतं. दुरुस्ती झाली की एमडीएमटू नावाचं प्रोटीन पी५३ चा निकाल लावतं, अडथळा गेला. दुरुस्ती नाहीच जमली तर पेशी कायमची थांबते किंवा मरते.

मला सगळ्यात भारी वाटतं ते स्त्रीबीज! बाई जन्माला यायच्या आधीच ते मिओसिसच्या (क्रोमोसोम निम्मे करणाऱ्या विभाजनाच्या) पहिल्या प्रोफेजमध्ये, म्हणजे सुरुवातीच्याच टप्प्यात थांबतं, काही बीजं ४० वर्षांहून जास्त तशीच, मग एलएच हार्मोन वाढलं की बीजातला सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू कमी होऊन ते पुढे निघतं, परत मेटाफेज टू ला, म्हणजे मिओसिसच्या दुसऱ्या विभाजनाच्या मधल्या टप्प्यात थांबतं, आणि शुक्राणू आल्यावर कॅल्शियमच्या लाटा उठतात तेव्हाच विभाजन पूर्ण होतं.