रविवारी उपासनेत जे जाणवतं ते सोमवारी ऑफिसात का जाणवत नाही? नोकरी सोडून सेवेत जावं का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत सहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करताय, पगार बरा आहे, पण रविवारी चर्चमध्ये मिळणारं समाधान सोमवारी लॉगिन करताच नाहीसं होतं. म्हणून चर्चच्या पूर्णवेळ सेवेत जायचा विचार आहे. माझ्या मते राजीनामा इतक्यात देऊ नका. या कामात खरंच अर्थ नाही, की तो तिथे शोधायला तुम्हाला कुणी शिकवलंच नाही, हे आधी तपासा. आपल्या बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, पाळकांसाठी (पास्टरांसाठी), मिशनऱ्यांसाठी, फार तर नर्स आणि शिक्षकांसाठी प्रार्थना होते. टेस्टर, अकाउंटंट, रिक्षाचालक यांच्यासाठी क्वचितच होते. त्यामुळे देवाचं काम वेगळं आणि पोटाचं वेगळं, हे लहानपणापासून मनात बसतं.

पवित्र शास्त्रात ही वाटणी नाही. उत्पत्ती 2:15 मध्ये देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला, आणि हे पतनाच्या, म्हणजे माणसाने देवाची आज्ञा मोडण्याच्या, आधीचं आहे. काटे, कुसळं आणि घाम तिसऱ्या अध्यायात येतात. म्हणजे काम हा शाप नाही, कामाला शाप लागला. मशागतीसाठी तिथे आलेलं हिब्रू क्रियापद पुढे देवाच्या सेवेसाठीही वापरलं आहे. निर्गम 31 मध्ये बसालेल हा कारागीर देवाच्या आत्म्याने भरला जातो तो संदेश द्यायला नव्हे, तर सोन्यारुप्याचं काम, रत्नांना पैलू पाडणं आणि लाकूडकाम यांसाठी. प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून तंबू करत होता.

आपल्याजवळचं उदाहरण हवं असेल तर पुणे-दौंड मार्गावरचं केडगाव घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांनीच जुळवलं आणि छापलं. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे म्हणजे ती उलटी वाचायची, एकेक खिळा खणातून उचलायचा. एक काना राहिला की शब्द बदलतो. शास्त्र वाचणं ही भक्ती आणि तो काना बघून बसवणं ही मजुरी, असं म्हणता येईल का? त्याच आवारात विणकाम, शेती आणि दुभती जनावरंही होती, आणि रमाबाईंनी ही कामं प्रार्थनेपेक्षा हलकी मानली नाहीत.

आता तुमच्या टेबलाकडे येऊ. एक साधी वही घ्या. पंधरा दिवस रोज, बसमध्ये किंवा मशीन सुरू होईपर्यंत, त्या दिवशीच्या एका कामापुढे एवढंच लिहा, की याच्या दुसऱ्या टोकाला कोण माणूस आहे. ‘युजर’ लिहू नका, माणूस लिहा. समजा, तुम्ही एखाद्या रुग्णालयाचा नोंदणीचा फॉर्म तपासताय आणि जन्मतारखेचा रकाना पूर्ण तारखेशिवाय पुढे जाऊ देत नाही. खेड्यातून आलेल्या आजींना फक्त साल माहीत असतं, तेही अंदाजे. खिडकीवरचा माणूस त्यांना आधार कार्ड आणायला परत पाठवतो आणि त्यांचा दिवस जातो. तो दोष पकडून नोंदवणं आणि ‘हे किरकोळ आहे’ म्हणून बंद होऊ न देणं, ही त्या आजींची सेवा आहे. त्यांना तुमचं नाव कधी कळणार नाही, पण देवाला कळतं. प्रार्थनाही तशीच नेमकी करा. ‘माझ्या कामाला आशीर्वाद दे’ यापेक्षा ‘आज हा फॉर्म भरणाऱ्यांना अडचण येऊ नये, मला नीट दिसू दे’.

तुमच्या कामाला लागू पडणारा आणखी एक शास्त्रभाग म्हणजे लेवीय 19:35-36, खरा काटा आणि खरी वजनं. टेस्टरचा अहवाल हा काटाच आहे. रिलीजच्या आदल्या रात्री न चालवलेल्या टेस्टपुढे ‘पास’ लिहायला सांगितलं, तर तुमचा विश्वास तिथे कसाला लागतो. तेव्हा भांडू नका. ‘चालवली नाही’ असं लेखी नोंदवा, धोका दोन ओळींत सांगा, निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडा. ऑफिसात बायबलचं वचन चिकटवण्यापेक्षा ही साक्ष मोठी आहे, असं मला मनापासून वाटतं.

कलस्सैकरांस 3:23 तुम्हाला पाठ असेल: जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. हे वचन फार वेळा चुकीचं वापरलं जातं. ते दासांना लिहिलंय, आणि पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात धन्यांना न्यायाने आणि समतेने वागायला बजावलंय. त्यामुळे रात्री अकरापर्यंत फुकट राबणं म्हणजे जिवेभावे काम नव्हे. आपला मालक प्रभू आहे याचा एक अर्थ असाही, की मॅनेजर तुमचा देव नाही आणि वर्षअखेरीचं रेटिंग म्हणजे न्यायाचा दिवस नाही.

एक शंका मला राहून राहून येते, की तुम्ही नुसते थकलेले असाल. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खायला घालतो. पुढचं काम त्यानंतर. थकव्यात घेतलेला निर्णय पाचारणासारखा, म्हणजे देवाच्या बोलावण्यासारखा, दिसू शकतो. म्हणून आधी महिनाभर झोप सुधारा आणि आठवड्यातला एक दिवस खरोखर मोकळा ठेवा. मंडळीत सक्रिय असलेल्यांचा रविवार उपासना, संडे स्कूल, गायनाचा सराव, घरभेटी यांतच संपतो. तो विसावा नव्हे. तसं असेल तर शनिवारी अर्धा दिवस फोन बाजूला ठेवा.

संध्याकाळसाठी संत इग्नाशियस यांनी शिकवलेली आत्मपरीक्षणाची रीत चांगली आहे, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. उपकार माना, देवाकडे प्रकाश मागा, दिवस तासातासाने आठवा, चुकलं तिथे क्षमा मागा, उद्याच्या एका गोष्टीसाठी कृपा मागा. लोक तिसऱ्या पायरीवर स्वतःला झोडपत बसतात आणि आठवड्याभरात सोडून देतात. समाधान कुठे वाटलं तेही तिथेच बघायचं असतं.

तीन महिन्यांनी वही पुन्हा वाचा. तरीही ओढ सेवेकडेच असेल, तर ती पारखायची रीत आहे. सहा महिने आठवड्याचे चार तास असं काम घ्या जिथे माइक नाही: रुग्णभेटी, हिशेब, दफनाच्या वेळची धावपळ. पाळकांना विचारून त्यांच्याबरोबर दोन-तीन पूर्ण दिवस काढा, कमिटीच्या बैठकीसकट. ‘हे माझं पाचारण आहे का?’ हे पाळकांना, घरच्यांना आणि तुमचं ऑफिसचं काम जवळून पाहिलेल्या एकाला वेगवेगळं विचारा. कमीत कमी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि कर्जाचे हप्ते चालू असतील तर आधी ते मोजा. सेवेचं शिक्षण देणाऱ्या बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत चौकशी करायला जाल तेव्हा ही वही बरोबर न्या. तुम्ही कशापासून पळताय आणि कशाकडे ओढले जाताय, हे तिथल्या माणसाला त्या पानांवरून लवकर कळेल.