विहीणबाईंची हिरवी बांगडी

प्रश्न : माझी सून सिंगापूरची, चिनी कुटुंबातली. लग्नात विहीणबाईंनी माझ्या हातात जेडची हिरवी बांगडी चढवली. दोन वर्षं ती काढली नव्हती. गेल्या महिन्यात ओट्याच्या कडेवर हात आपटला आणि तिचे दोन तुकडे झाले. शेजारच्या काकू म्हणतात, अपशकुन आहे, तुकडे कृष्णेत सोडा. सोनार म्हणतो, खरं जेड फुटतच नाही, ही काच असणार. विहीणबाईंना काय सांगू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुकडे नदीत सोडू नका. मऊ कापडात वेगवेगळे गुंडाळून ठेवा, एकमेकांवर घासू देऊ नका.

तुमच्या सोनाराचं म्हणणं अर्धं खरं आहे. जेड म्हणजे खरं तर दोन वेगळे दगड. एक नेफ्राइट, दुसरा जेडाइट. हा फरक १८६३ साली दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केला. नेफ्राइटचे तंतू काथ्यासारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून अश्मयुगात त्याच्या कुऱ्हाडी केल्या जात. हिरा कितीतरी कठीण, पण हातोडीच्या एका घावानं फुटू शकतो. जेड त्याच्याहून मऊ असूनही तो घाव सोसतं. जेडाइटही असंच चिवट, नेफ्राइटपेक्षा थोडं कमी. पण चिवट म्हणजे अभंग नव्हे. बांगडीची कड बारीक, आत एखादी केसासारखी चीर असेल आणि खाली ग्रॅनाइट, तर ती तुटणारच. तुटली यावरून ती काच ठरत नाही.

खात्री करून घ्यायची तर सोनाराचा काटा पुरे. एक तुकडा कोरडा तोला. मग दोऱ्याला टांगून, पूर्ण पाण्यात बुडवून तोला. समजा आधी ३० ग्रॅम भरला आणि पाण्यात २१, तर फरक ९. तीसला नवानं भागलं की ३.३३ येतात, म्हणजे दगड तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा इतके पट जड. जेडाइटचा आकडा ३.३४ च्या आसपास असतो, नेफ्राइटचा २.९५, रंगवलेल्या क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, २.६५. सिंगापूरला घेतलेली हिरवी बांगडी बहुधा जेडाइटची असेल, आणि तसला चांगला दगड म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या फाकांत खाणींतून येतो. त्या खाणींची आठवण काढताना माझा जीव कासावीस होतो. जुलै २०२० मध्ये तिथे ढिगारा कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. टाकून दिलेल्या मातीत हिरवा तुकडा शोधणारी गरीब माणसं होती ती.

जेडाइट असलं तरी ते अस्सल, की आम्लात धुऊन रेझिन (डिंकासारखा चिकट पदार्थ) भरलेलं, हे काटा सांगणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणी करावी लागते. अखंड बांगडीचा अंदाज मात्र आवाजावरून येतो. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसंच. मी झवेरी बाजारात रत्नपरीक्षेच्या कामाला लागले तेव्हा पहिली जेडची बांगडी अशीच दोऱ्याला टांगून वाजवली होती. देवघरातल्या घंटेसारखा तो स्वच्छ स्वर अजून कानात आहे. चिरलेली किंवा रेझिन भरलेली बांगडी बद्द वाजते.

आता विहीणबाई. त्यांना सरळ फोन करा. चिनी घरांत समजूत अशी की जेडची बांगडी तुटली म्हणजे माणसावर येणारा घाव तिनं स्वतःवर घेतला. आपल्याकडेही बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. त्यांना हा शब्द सांगा, खूप आवडेल. आणि त्यांच्याकडे तुटलेली बांगडी सोन्यानं सांधून पुन्हा घालायची रीत आहे. तुमच्या सोनाराकडून दोन्ही सांध्यांवर बसतील अशा सोन्याच्या नळ्या करून घ्या, एका बाजूला बिजागरी आणि दुसरीकडे मळसूत्र. मात्र झाळायचं काम दगड बाजूला ठेवून झालं पाहिजे. ज्योत दगडाला लागली तर तो तडकेल, आत रेझिन असेल तर पिवळा पडेल. नळ्या गार झाल्या की मगच चिकटवायच्या.

पुढे वापरताना भांडी घासायला बसण्याआधी काढून ठेवा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, एवढंच. चिंच-लिंबू, ब्लीच किंवा सोनाराचं अल्ट्रासॉनिक यंत्र नको.

प्रश्न : जेडचं लॉकेट छातीवर घातलं की धडधड थांबते म्हणतात. माझ्या वडिलांना घालू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ही समजूत मुघलांच्या काळातही होती. तेव्हा हृदयाची धडधड शांत व्हावी म्हणून नेफ्राइटचं पदक गळ्यात घालत, त्याला ‘हौलदिली’ म्हणत. शाहजहानच्या नावाचं, १६३७-३८ सालचं असं एक पदक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हौल म्हणजे धास्ती, दिल म्हणजे काळीज. आपला ‘हवालदिल’ त्यातूनच आला. वडिलांना लॉकेट आवडत असेल तर जरूर घाला, गार दगड अंगाला बरा वाटतो. पण धडधडीचं कारण डॉक्टरांकडून काढून घ्या, तेही याच आठवड्यात. चालू असलेली एकही गोळी दगडाच्या भरवशावर बंद करू नका.

प्रश्न : जत्रेत अडीचशे रुपयांना ‘इंडियन जेड’चं ब्रेसलेट घेतलं. फसले का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ते जेड नाही. त्या नावानं हिरवं अ‍ॅव्हेंच्युरिन विकलं जातं, म्हणजे क्वार्ट्झच. उन्हात धरा, आत अभ्रकाचे बारीक कण चमकतील. दगड खरा आहे, नाव खोटं आहे. आनंदानं घाला, मात्र कुणाला देताना जेड म्हणून देऊ नका.