शोल्डपूर नावाचं गाव

या खेपेला पत्रं भरपूर आलीत, त्यातली निम्मी उन्हाबद्दल. ती बाजूला ठेवलीत, 42 डिग्रीला माझ्याकडं उत्तर नाही.

प्रश्न : पुस्तकं घेते, ढीग लावते, वाचून काही होत नाहीत. प्रदर्शनातनं आणलेली दोन तर अजून पिशवीतच आहेत. घरचे टोमणे मारतात. काय करू? (एक वाचक, होटगी रोड)

उत्तर : ताई, जपान्यांनी याला शब्दच करून ठेवलाय, त्सुंदोकु, म्हणजे पुस्तकं आणायची आणि न वाचता रचत जायची. घरच्यांना शब्द सांगा, जपानी म्हटलं की जरा वचक बसतो. माझं म्हणाल तर माझं वाचन पाण्याच्या दिवशी होतं. नळ कधी रात्री 2 ला येतो कधी पहाटे 4 ला, मोटर लावून टाकी भरेपर्यंत जागं राहायचं, मोबाईल हातात घेतला की डोळा लागतो आणि टाकी वाहून जाते (दोनदा वाहिली, खालच्या काकूंनी जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही), पण पुस्तक घेतलं की का कोण जाणे जाग राहते. ढीग मोटरच्या बटणाजवळ हलवा.

प्रश्न : आजोबा गिरणीत होते. त्यांच्या वेळचं सोलापूर नेटवर शोधायला बसलो की तीच चार वाक्यं सगळीकडं फिरतात, चादर, शेंगा चटणी, सिद्धेश्वर, चार हुतात्मे. आतलं काही मिळतच नाही का? (एक वाचक, भवानी पेठ)

उत्तर : मिळतं की, पण आपण हाक चुकीच्या नावानं मारतो. इंग्रजांच्या कागदांत आपलं गाव सोलापूर नाहीच, शोलापूर आहे, तेव्हा इंग्रजीत शोधताना पहिलं स्पेलिंग तेच टाकायचं. त्यानंही भागत नाही, ते मला एक रविवार अख्खा घालवल्यावर कळलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 20 वा खंड म्हणजे आपला जिल्हा, 1884 साली छापलेला, इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचायला मिळतो. मी आत सर्च मारला तर पानंच्या पानं असायला पाहिजेत तिथं किरकोळ काहीतरी आलं. म्हटलं असं कसं, जिल्ह्याच्या पुस्तकात जिल्हाच नाही? मग नुसता चाळत गेलो तेव्हा उलगडा झाला. छापणाऱ्यांनी 'ला' लांब म्हणायचा हे दाखवायला इंग्रजी ए वर एक बारकी तिरकी रेघ दिलीय, आणि स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर त्या रेघेला फसून ए च्या जागी डी वाचतं. म्हणजे शोलापूरचं झालं शोल्डपूर! मराठाचंही तसंच, मध्येच डी घुसून मर्द्था. सर्चमध्ये शोल्डपूरचं स्पेलिंग टाकलं आणि गाव धडाधड सापडायला लागलं, तलाव, किल्ला, विणकर, पंढरपूरवर तर एवढं लांबलचक की दोन पाण्याचे दिवस त्यातच गेले.

एक सांगून ठेवतो, पुस्तक साहेबानं कारभारासाठी लिहिलंय, जातीजमातींबद्दल जिथं लिहितो तिथं असं लिहितो की वाचताना डोकं फिरतं. आकडे आणि जागा घ्या, शेरे सोडून द्या. आणि या जुन्या स्कॅनमध्ये एक गंमत असते, कुठल्यातरी पानाच्या कडेला अचानक माणसाचं बोट येतं, रबरी टोपी घातलेलं, स्कॅन करणाऱ्याचं. मला ते बोट दिसलं की फार बरं वाटतं, कोणीतरी बसून एकेक पान उलटलंय म्हणून तर आपण भवानी पेठेत बसून वाचतोय.

नाव बदलून हाक मारायची हीच युक्ती डॉ. कोटणीसांना लावून बघा. आपल्या गावात जन्मलेला माणूस (1910), 1938 ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेला आणि 1942 ला तिथंच वारला, एवढं आपल्याला शाळेपासून पाठ. पण चीनमध्ये ते कोटणीस नाहीतच, के दिहुआ आहेत, आणि त्यातल्या हुआचं अक्षर म्हणजे चीन. विकिपीडियावर त्यांचं पान उघडा, भाषांच्या यादीतनं चिनीवर जा, तिथं वर लिहिलेलं नाव कॉपी करून फोटो शोधा, आपण कधी न बघितलेले पुतळे दिसतील. अक्षर एक वाचता येत नाही, पण चेहरा आपल्या ओळखीचा.

प्रश्न : वरच्या पत्र्याच्या खोलीतल्या पेटीतली जुनी कात्रणं पिवळी पडून हात लावला की तुकडे पडतात. लॅमिनेशन करून घेऊ का? (एक आजोबा, जुळे सोलापूर)

उत्तर : नको काका, अजिबात नको! लॅमिनेशनमध्ये तापवून प्लॅस्टिक चिकटवतात, ते परत निघत नाही. पेपरचा कागद स्वस्तातला असतो, लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, आणि कागदात आम्ल तयार होत जातं म्हणून तुकडे पडतात. पत्र्याखालच्या खोलीत तर हे झपाट्यानं होतं. जुन्या पुस्तकाला जो गोडूस वास येतो ना तोही लिग्निन मोडल्याचाच. टाचण्या काढा, गंज लागतो, चिकटपट्टी लावू नका, आणि सकाळी सावलीत ठेवून फ्लॅश न मारता मोबाईलनं फोटो काढून घ्या. पेटी खालच्या खोलीत आणा.

प्रश्न : मुलगा पुण्याला शिकतोय, 'काय करायलास बे' म्हटलं की पोरं हसतात. (एक आई, अशोक चौक)

उत्तर : हसू दे. त्यांच्या घरात अडकित्ता असेल तर तो कुठनं आला विचार म्हणावं. कानडीत अडके म्हणजे सुपारी. आपल्याकडं एका चौकात मराठी, कानडी, तेलुगू, दख्खनी चारही कानावर पडतात, त्यातनं एक 'बे' निघाला तर काय बिघडलं.

प्रश्न : सोलापुरातनं सरळ खाली भोक पाडत गेलं तर अमेरिकेत निघतो का? (इयत्ता 6 वी)

उत्तर : नाही बाळा, भिजशील. सोलापूर साधारण 17.7 उत्तर, 75.9 पूर्व. अक्षांशाचा उत्तर काढून दक्षिण कर, रेखांश 180 मधनं वजा करून पूर्वेचा पश्चिम कर, आले 17.7 दक्षिण, 104.1 पश्चिम, नकाशात टाकून बघ, भर प्रशांत महासागर. ते मोठमोठ्या दगडी तोंडांचं ईस्टर बेट आहे ना, तेही तिथनं हजारेक किलोमीटर लांब. आणि खणायच्या आधी पाइप कुठनं गेलाय तेवढं बघ बे, परवा आमचा पाण्याचा दिवस आहे.